जुन्या मारुती ८०० मध्ये (२००६, १ लाख किमीच्या वर) कुठलं इंजिन ऑइल टाकू? आणि कुठले पार्ट बदलू?

महागडं ५डब्ल्यू-३० (हे आकडे ऑइल किती पातळ-घट्ट ते सांगतात) सिंथेटिक नको, या इंजिनाला २०डब्ल्यू-४० मिनरल भरपूर झालं, फक्त ५००० किमी किंवा ६ महिने जे आधी होईल तेव्हा फिल्टरसकट बदलत जा. ऑइल कमी होतंय का ते आधी बघा, म्हणजे सकाळी गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून परत घालून लेव्हल बघायची, आणि थंड स्टार्टला सायलेन्सरमधून निळा धूर फुस्स करून येऊन थांबत असेल तर बहुतेक व्हॉल्व सील (व्हॉल्वपाशी ऑइल अडवणारी रबरी सीलं) गेलेत, पण चालवताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मग जरा घट्ट २०डब्ल्यू-५० टाकून थोडे दिवस ढकलता येतं पण तो इलाज नव्हे. टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरचं झाकण) कडेने बाहेर चिकट काळा थर दिसला तर त्याचं गॅस्केट (मधलं सील) बदला, स्वस्तात होतं.

पार्टमध्ये पहिला नंबर टायमिंग बेल्टचा (व्हॉल्व आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा)!! कधी बदललाय ते माहीत नसेल तर सरळ नवा टाका, सोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) पण. मग रेडिएटरचे होज (रबरी पाइप), दाबून बघा, कडक किंवा चिरलेले असतील तर काढा, आणि कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतणाऱ्या मेकॅनिकला लांबूनच नमस्कार. सीट कव्हर वगैरे नंतर.