राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर प्रतिनिधीगृहात (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) निवडून आलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कोण?

जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. सहावे राष्ट्राध्यक्ष, आणि दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांचे चिरंजीव. १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ निर्वाचक मतं (राष्ट्राध्यक्ष ठरवणारी, राज्यांच्या निर्वाचकांची मतं) पडली, अ‍ॅडम्स यांना ८४. बहुमत कुणालाच नव्हतं, म्हणून निवड प्रतिनिधीगृहाने केली आणि अ‍ॅडम्स जिंकले. १८२८ ला जॅक्सन यांनीच त्यांना हरवलं.

पण माझ्या मते खरा माणूस दिसतो तो यानंतर. १८३० मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधून प्रतिनिधीगृहावर निवडून आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेलाच घ्यायचे नाहीत, असा नियम १८३६ मध्ये तिथे झाला. अ‍ॅडम्स तरीही ते अर्ज हातात घेऊन उभे राहायचे. आरडाओरडा व्हायचा, पण हे मागे हटायचे नाहीत. अखेर १८४४ मध्ये त्यांच्याच ठरावाने तो नियम रद्द झाला. मधे १८४१ ला, वयाच्या ७३ व्या वर्षी, 'आमिस्टाड' जहाजावरच्या, गुलाम म्हणून पळवून आणलेल्या आफ्रिकी बंदिवानांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली, आणि ते बंदिवान सुटले.

२१ फेब्रुवारी १८४८ रोजी सभागृहात आपल्या जागेवरच ते कोसळले. दोन दिवसांनी त्याच इमारतीत, सभापतींच्या दालनात, त्यांनी प्राण सोडला.