पाच सॉफ्टवेअरं राहू द्या, आधी एक चाक

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर (माग जुळवणारे-दुरुस्त करणारे) असलेल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्लासवाल्यांनी पाच कॅड (संगणकावर यंत्रभागांची चित्रं काढायच्या) सॉफ्टवेअरांचं पॅकेज सांगितलंय. कर्ज काढून फी भरावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार. कर्ज काढू नका. माझ्याकडे येणारी मुलं चित्र सुरेख काढतात, पण एक माप बदला म्हटलं की मॉडेल लाल होतं, म्हणजे चूक दाखवतं, आणि मुलंही गांगरतात. कमी पडतं ते तिथे.

तुमच्या हातातलंच उदाहरण घ्या, मागाचं चेंज व्हील, म्हणजे बदलायचं दातेरी चाक. ते बदललं की कापडाच्या इंचातली पिकं, म्हणजे आडवे धागे, कमी-जास्त होतात, म्हणून वेगवेगळ्या दातांची चाकं लागतात. मुलगा आधी २४ दातांचं काढेल, मग २५ चं पुन्हा पहिल्यापासून. ही नुसती हमाली. चाक एकदाच काढायचं आणि मापं सूत्रात बांधायची. मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) ३, दात २४: पिच व्यास (दोन चाकांचे दात जिथे जुळतात त्या वर्तुळाचा) ३ × २४ म्हणजे ७२ मिमी, बाहेरचा ३ × (२४ + २) म्हणजे ७८. दात २५ केले की ७५ आणि ८१ आपोआप. तक्त्यात एका ओळीला एक चाक, अख्खं कुटुंब एकाच फाइलमध्ये. क्रिओ या कॅड सॉफ्टवेअरमध्ये याला फॅमिली टेबल म्हणतात, सॉलिडवर्क्समध्ये डिझाइन टेबल.

मग त्याला दात १२ करायला सांगा. मॉडेल मुकाट्यानं चाक काढून देईल. पण २० अंशांच्या प्रेशर अँगलला (दाताच्या बाजूच्या कलाला) साधारण १७ पेक्षा कमी दात असले, तर नेहमीच्या पद्धतीनं कापताना दात मुळाशी कोरला जातो आणि कमजोर होतो. तक्त्यात कुठे थांबायचं हे मुलालाच कळायला हवं. मोठ्या चाकाला वजन कमी करायची भोकं असतात, लहानाला नसतात. त्यासाठी हो-नाहीचा वेगळा रकाना. शाफ्टचं भोक वाढवलं की की-वे (चाक शाफ्टवर पक्कं बसवायची खाच) सोबत सरकतो की हवेत लटकतो, हेही बघायला लावा. मला विचाराल तर खरी परीक्षा हीच.

फ्रीकॅड हे कॅड सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात स्प्रेडशीटही आहे. इथे हात बसला की कंपनीतल्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्यतः बटणांच्या जागा शिकायच्या उरतात.

सुट्टीच्या दिवशी त्याला कारखान्यात न्या. जुनं चाक हातात द्या. दात मोजू दे, व्हर्नियरनं बाहेरचा व्यास घेऊ दे, आणि त्याला दात अधिक दोननं भागू दे. उत्तर मॉड्यूल. ते ३.१७ च्या आसपास आलं तर गोंधळू नका, चाक बहुधा इंची मापाचं, ८ डीपीचं (पिच व्यासाच्या दर इंचाला ८ दात) असेल. तक्त्यात त्याचीही ओळ घालायला सांगा.