भिंतीवर लावायची ‘कोफ्तगिरी’ची तबर खरी कशी ओळखावी? तिला परवाना लागतो का?

दिवाणखान्यात लावण्यासाठी आपण तबरची, म्हणजे मोगलकालीन पद्धतीच्या लढाऊ परशूची, प्रतिकृती घेऊ पाहता आणि विक्रेत्याच्या ‘कोफ्तगिरी’ या शब्दावर किती विश्वास ठेवावा, असे विचारता. माझी पहिली तबर मी याच शब्दावर घेतली होती. दसऱ्याला पूजेसाठी ती पुसायला घेतली, तेव्हा वेलबुट्टीचे सोने फडक्यावर आले.

खऱ्या कोफ्तगिरीत रंग किंवा मुलामा नसतो. कारागीर पोलादावर आधी बारीक छिन्नीने आडव्या-उभ्या रेघा पाडून तो भाग कानशीसारखा खरखरीत करतो, त्यावर सोन्याची किंवा चांदीची केसासारखी तार नक्षीबरहुकूम ठोकून बसवतो आणि मग तापवून अकीकाच्या दगडाने घोटतो. म्हणून भिंगाखाली वेलीच्या कडेला त्या रेघा अंधूक दिसल्या पाहिजेत, आणि पानाच्या टोकाशी तार वळवल्याची खूण सापडली पाहिजे. नक्षीच्या भोवतीचे पोलाद आरशासारखे गुळगुळीत असेल, तर तो मुलामा किंवा छपाई समजावी. हे काम आजही उदयपूरला होते. माझी दुसरी तबर तिथलीच आहे.

प्रतिकृती केवळ शोभेची आहे याचा संकोच मात्र बाळगू नये, कारण इराणमध्ये काजार राजवटीत घडवलेल्या कितीतरी तबरी मुळातच मिरवण्यासाठी होत्या आणि दरवेशी, म्हणजे भटके सूफी फकीर, त्या खांद्यावर घेऊन हिंडत.

परवान्याचे उत्तर इतके सोपे नाही. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीतील पाचव्या वर्गात तलवारी आणि भाल्यांबरोबर लढाऊ परशूंचाही नावानिशी उल्लेख आहे. मात्र अशा धारदार शस्त्रांना परवाना लागतो तो केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात. शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येतून खेळण्यापलीकडे उपयोग नसलेल्या वस्तू वगळल्या आहेत, पण त्या वापरण्याजोग्या शस्त्रात बदलता येण्यासारख्या नसाव्यात, अशी अट आहे. जाड पोलादी पात्याला सहाणेवर धार लावता येते, त्यामुळे ‘धार नाही’ एवढ्यावर निर्धास्त न राहता मागणी नोंदवण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे.

दांड्याच्या टोकाचे बोंड फिरवूनही पाहावे. जुन्या तबरींच्या पोकळ दांड्यात बारीक खंजीर लपवलेला असे आणि हौशी कारागीर प्रतिकृतीतही तो ठेवतात. माझ्या तबरीतला मी काढायला लावला. कारागिराला ते मुळीच रुचले नाही.