ईव्हीए (एथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट) दाण्यातलं व्हिनाइल ॲसिटेट आयआर (इन्फ्रारेड) मशीनशिवाय कसं काढायचं?

कुपवाड एमआयडीसीत चपला-बुटांच्या सोलसाठी आलेल्या दाण्याच्या पिशवीवर व्हिनाइल ॲसिटेट १८ टक्के छापलंय, लॅबमध्ये आयआर नाही, ते खरं का हे कसं बघायचं, असा प्रश्न आहे. ब्युरेट आणि रिफ्लक्सची (उकळताना वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये पाडायची) काच असेल तर जमतं.

आधी ॲसिटेट आहे का ते बघा. चिमूटभर दाणा परीक्षानळीत तापवा, तोंडाशी ओला निळा लिटमस धरा. तो लाल झाला आणि व्हिनेगरचा वास आला तर ठीक. पण पीव्हीसीचा धूरही लिटमस लाल करतो. म्हणून तांब्याची तार लाल तापवून दाण्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, पीव्हीसीचा संशय घ्या.

आता मोजणी. ०.५ ग्रॅम बारीक कापलेला दाणा, ५० मिली झायलीन, हीटिंग मँटलवर (उघडी ज्योत नको) पूर्ण विरघळवा. २५ मिली ०.१ नॉर्मल अल्कोहोलिक केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून २ तास रिफ्लक्स. गरम असतानाच ३० मिली ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल घाला, जोरात ढवळा, मग फिनॉल्फ्थॅलिनवर ०.१ नॉर्मल कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइड) टायट्रेशन. शेजारी दाण्याशिवाय ब्लँक लावाच. नमुन्याला ब्लँकपेक्षा जितके मिली कॉस्टिक जास्त लागलं, त्याला नॉर्मॅलिटीने आणि ८.६०९ ने गुणून दाण्याच्या ग्रॅममधल्या वजनाने भागा, की टक्के मिळतात. १८ टक्क्यांना फरक साधारण १०.४५ मिली यायला हवा.

गडबड बहुतेक ढवळण्यात होते. थंड झाल्यावर पॉलिमर साका होऊन बसतो आणि अल्कली आत अडकते, म्हणून गुलाबी रंग येतो, जातो, पुन्हा येतो. केओएच जुनं होऊन पिवळं पडलं असेल तर एंड पॉइंट दिसतच नाही, ताजं करा. मे महिन्यात सांगलीत नळाचं पाणीच कोमट असतं. कंडेन्सरमधून अल्कोहोल उडतं, बादलीत बर्फ टाकून छोट्या पंपाने पाणी फिरवा.

एक लक्षात घ्या, ही पद्धत सगळे एस्टर (ॲसिटेट हा त्यातलाच एक प्रकार) मोजते, फक्त व्हिनाइल ॲसिटेट नाही. ॲक्रिलेटवाला कोपॉलिमर मिसळलेला असेल तर तोही केओएच खातो. स्टिअरिक आम्ल आकडा वाढवतं, तर खडूची पावडर किंवा झिंक ऑक्साइड आम्ल खाऊन तो खाली आणतात. त्यामुळे अशी भर मिसळलेलं कंपाउंड असेल तर गरम झायलीनमध्ये विरघळवून गाळा, मेथॅनॉलमध्ये ओतून साका काढा, वाळवा आणि मगच वजन करा. फोम झालेला सोल मात्र या चाचणीला घेऊ नका. क्रॉसलिंक झाल्यावर (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्यावर) तो फक्त फुगतो, विरघळत नाही, आणि आकडा कमीच येतो.