कॅम्पिंगच्या जनरेटरचा खरा खर्च: पेट्रोल हा त्यातला सर्वांत लहान भाग

आपण वर्षातून पाच-सहा रात्री कुटुंबासह गोव्यात तंबूत राहता. दिवे, पंखा, चार मोबाइल आणि एक छोटा फ्रीज एवढीच आपली गरज आहे. दुकानदाराने एक केव्हीएचा (साधारण हजार वॅटपर्यंतचा) पेट्रोल जनरेटर सुचवला असून ‘एकदा घेतला की पेट्रोलशिवाय खर्च नाही’ असे सांगितले आहे, आणि ते कितपत खरे, असा आपला प्रश्न आहे. फोंड्याला माझे छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. कुळागरांतले (सुपारी-नारळाच्या बागांतले) ग्रासकटर आणि फवारणीचे पंप यांच्याबरोबर असे जनरेटरही माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून सांगतो की परिस्थिती नेमकी उलट आहे: आपल्यासारख्या वापरात पेट्रोलवर सर्वांत कमी पैसे जातात आणि बाकीचे जनरेटर नुसता पडून राहण्यावर जातात.

हिशेबासाठी चांगल्या प्रतीचा इन्व्हर्टर जनरेटर (भार पाहून इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा) ६०,००० रुपयांना घेतला आणि पाच वर्षांनी २५,००० रुपयांना विकला असे धरू. आपल्याला मिळालेला भाव वेगळा असेल तर आकडे बदलून घ्यावेत. घसारा, म्हणजे किमतीतली घट, झाला वर्षाला ७,००० रुपये. तेच पैसे बँकेत राहिले असते तर मिळणारे व्याज सरासरी ३,००० रुपये धरावे. ऑईल, प्लग, एअर फिल्टर आणि एक-दोन वर्षांनी करावी लागणारी कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) सफाई मिळून वर्षाला २,५०० रुपये होतील. राहिले पेट्रोल. सहा रात्री, प्रत्येकी पाच तास आणि सरासरी २५० वॅटचा भार, एवढ्याला इन्व्हर्टर जनरेटर तासाला साधारण ०.३ लिटर पितो. त्यात महिन्यातून एकदा घरी चालवून ठेवण्याचे थोडे मिळवले तर वर्षाला दहा लिटर, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास. एकूण १३,५०० रुपये झाले आणि त्या बदल्यात वीज मिळाली साडेसात युनिट. युनिटला १,८०० रुपये, किंवा रात्रीला २,२५० रुपये, असा हा दर पडतो, आणि त्यात पेट्रोलचा वाटा तेराव्या हिश्शापेक्षाही थोडा कमीच आहे.

स्वस्तातला, इन्व्हर्टर नसलेला जनरेटर घेऊन हा खर्च अर्ध्यावर आणू असे वाटत असेल, तर त्याचे इंजिन विजेची ५० हर्ट्झ वारंवारता टिकवण्यासाठी भार कितीही असला तरी मिनिटाला ३,००० फेऱ्यांवरच धावते, हे लक्षात घ्यावे. दोन दिवे लावले तरी त्याचा आवाज पूर्ण, आणि पेट्रोलही भाराच्या मानाने फार.

देखभालीचा आकडा आपल्याला जास्त वाटला असेल, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगतो. या इंजिनांत ऑईल अर्धा लिटरसुद्धा नसते. बहुतेक कंपन्या पहिले ऑईल २० तासांनी आणि नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलायला सांगतात. आपले वर्षाचे तास तीस-पस्तीस, त्यामुळे आपल्याला तास लागू पडत नाहीत, महिने लागू पडतात; यंत्र चालो वा न चालो, ऑईल बदलावेच लागते. मात्र दुकानात येणाऱ्या बहुतेक जनरेटरांचा आजार ऑईलचा नसून शिळ्या पेट्रोलचा असतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. मार्चच्या सहलीनंतर टाकीत उरलेले पेट्रोल गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात तसेच राहिले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसते. गणेशचवथीच्या सुमारास ‘दोरी ओढून हात दुखले, पण चालू होत नाही’ म्हणत मंडळी येतात. कार्ब्युरेटरची खालची वाटी उघडली की आत पिवळसर चिकट थर असतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली असते आणि वास पेट्रोलचा न येता जुन्या वार्निशचा येतो. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे सुईच्या टोकाएवढे भोक त्या थराने बुजलेले असते. काम फार अवघड नाही. पण जेट आणि गॅस्केट बदलायची वेळ आली तर मजुरीसह बिल त्या वर्षीच्या पेट्रोलपेक्षा जास्त होते. किनाऱ्यावर नेणाऱ्यांच्या यंत्रात याखेरीज खाऱ्या हवेने गंजलेले सॉकेट आणि दोरीच्या चाकात गेलेली वाळू सापडते. वाळूच्या उतारावर यंत्र तिरके ठेवले तर कमी ऑईलचा सेन्सर इंजिन बंद करतो आणि मालकाला ते बिघडल्यासारखे वाटते, हे वेगळेच.

आता जो मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही तो. आपल्याला पंखा हवा आहे तो झोपताना, आणि जनरेटर बंद ठेवायचा आहे तोही नेमका झोपताना. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ असून निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शांत म्हणवले जाणारे इन्व्हर्टर जनरेटरही सात मीटरवर सहसा पन्नाशीच्या वरच असतात. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालायला येतात, तीही नेमकी आपल्या कॅम्पिंगच्या थंडीच्या मोसमात, तेव्हा तिथे आवाज आणि प्रखर दिवे दोन्ही टाळले पाहिजेत. मोलें, खोतीगाव, नेत्रावळी ही अभयारण्ये असल्याने तिथे मुक्काम वनखात्याच्या परवानगीने आणि त्यांच्या अटींवरच होतो. या सर्वांपेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे धूर. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. पाऊस आला म्हणून जनरेटर तंबूच्या पुढच्या छपराखाली घेणे जिवावर बेतू शकते; तो तंबूपासून किमान सहा मीटर दूर, धुराचे तोंड उलट दिशेला करून ठेवावा लागतो. म्हणजे लांब आणि जाड केबलही खरेदीच्या यादीत आली. शिवाय रात्रीच्या पंख्यासाठी बॅटरी लागणारच असेल, तर जनरेटरचे काम संध्याकाळी ती बॅटरी भरण्यापुरतेच उरते.

पेट्रोल नेण्याबद्दल थोडक्यात: विक्रीसाठी नसलेले एकूण ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते, पण एक लिटरपेक्षा जास्त असेल तर धातूचा डबा हवा. पाण्याच्या बाटलीत भरून गाडीच्या डिकीत टाकू नये.

‘पावसाळ्यात वीज गेली की घरीही उपयोगी पडेल’ हे समर्थन मी रोज ऐकतो, आणि त्यात अर्धे तथ्य आहे. दिवे, पंखे, वायफाय आणि बहुधा घरचा फ्रीज चालेल. विहिरीवरचा एक हॉर्सपॉवरचा पंप मात्र चालणार नाही, कारण सुरू होताना मोटर चालू भाराच्या कित्येक पट प्रवाह ओढते. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटर घरच्या सॉकेटला जोडण्याचा उद्योग तर कधीच करू नये. ती वीज उलटी तारांत जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा लागतो आणि तो खर्चही जनरेटरच्याच खात्यात धरावा.

जत्रेत दुकान मांडणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो वर्षाला तीनशे तास ५०० वॅट वापरत असेल तर पेट्रोल आणि तीन-चार ऑईल बदल धरूनही त्याला युनिट दोनशे रुपयांच्या घरात पडते, आणि त्याच्यासाठी ते धंद्याचे भांडवल आहे. आपण मात्र गावातल्या मंडपवाल्याकडे भाडे विचारावे. रात्रीला दोन हजारांच्या आत मिळाला, तर विकत घेण्यात अर्थ नाही.

माझ्या मते आपण आधी गरज कमी करावी. फ्रीज दिवसाला सुमारे ६०० वॅट-तास खातो. बाकी सर्व मिळूनही तेवढेच होते. त्याऐवजी जाड भिंतीची बर्फाची पेटी घ्यावी आणि मालीम किंवा कुटबणच्या मासेमारी जेटीकडून लादीचा बर्फ न्यावा, कारण लादी चुऱ्यापेक्षा पुष्कळ सावकाश विरघळते. ५० वॅटच्या पंख्याऐवजी २५ वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा आठ तास लावला तर २००, दोन दिवे पाच तास लावले तर १०० आणि मोबाइलना ६०, असे एका रात्रीला ३६० वॅट-तास पुरतात. एवढ्याला अर्ध्या किलोवॅट-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची पेटी पुरेशी आहे. ती तंबूत उशाशी ठेवता येते, घरच्या विजेवर दोन-चार रुपयांत भरते आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालताना तिच्या सॉकेटवरून बरीचशी पुन्हा भरते. सौर पॅनलवर मोलेंच्या झाडीत विसंबू नये; उघड्या किनाऱ्यावर १०० वॅटचा पॅनल दिवसभरात ही सर्व गरज भागवतो. ही पेटीही वर्षातले बहुतेक दिवस पडूनच राहील हे खरे, पण तिला तीन महिन्यांतून एकदा अर्धी भरून ठेवण्यापलीकडे काही लागत नाही.

एवढे करूनही जनरेटरच घ्यायचा असेल, तर मे महिन्याच्या शेवटी टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि वाटीचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढून टाकावेत. मग पावसाळ्यात दर महिन्याला चालवून ठेवण्याची गरज राहत नाही.