मालवाहू विमानाचे पायलट: पगार, बाँड आणि दिवसाची झोप

या वेळच्या पत्रांत कार्गोबद्दलचे प्रश्न जास्त आहेत. प्रवासी कंपन्यांची दारे बंद दिसली की नवे सीपीएलधारक (व्यावसायिक पायलटचा परवाना असलेले) मालवाहतुकीकडे वळतात. हे काम दुय्यम मुळीच नाही, पण त्याचा हिशेब वेगळा आहे.

प्रश्न: बारामतीत शिकून सीपीएल काढले. २०० तास झाले आहेत, पण वर्षभर कुठूनही बोलावणे नाही. कार्गो कंपन्यांना बोइंग ७३७ चे पायलट लागतात म्हणतात. आणखी कर्ज काढून टाइप रेटिंग (त्या एका प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता) करून ठेवू का?

नेमणुकीचे पत्र हातात नसेल तर करू नका.

आपल्याकडे फक्त माल वाहणारी विमाने थोडी आहेत. ब्लू डार्टकडे ७५७ आणि ७३७, क्विकजेट आणि ॲफकॉमकडे ७३७, प्रधान एअरकडे ए-३२०, इंडिगोकडे ए-३२१. यांतल्या बहुतेकांचा ताफा बोटांवर मोजता येईल एवढाच. जागा निघतात त्या तुरळक, आणि बऱ्याचदा त्या प्रकारच्या विमानावर आधीच तास झालेल्याला पसंती मिळते. रेटिंग करून घरी बसलात तर सराव तुटतो आणि पात्रतेची चाचणी ताजी ठेवायला पुन्हा स्वखर्चाने सिम्युलेटर घ्यावा लागतो. ५० लाखांच्या कर्जाला ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी महिन्याला सुमारे ६९ हजारांचा हप्ता बसतो. त्यात रेटिंगचे १८ लाख घातले की तोच हप्ता ९४ हजारांच्या घरात जातो, तोही नोकरी नसताना.

त्यापेक्षा इन्स्ट्रक्टरचे रेटिंग घ्या. बारामती, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी शिकवताना तास वाढतात आणि थोडे पैसेही हाती येतात. एटीपीएलचे, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याचे, पेपर याच काळात उरका. क्लास १ मेडिकल (पायलटची वैद्यकीय तपासणी) मात्र एक दिवसही चुकू देऊ नका.

प्रश्न: मुलाला कार्गो कंपनीचे पत्र आले आहे. पगाराचा आकडा बरा दिसतो. सही करण्यापूर्वी बापाने काय पाहावे? (सांगली)

पहिल्या पानावरचा आकडा बहुधा लाइन रिलीज झाल्यानंतरचा, म्हणजे प्रशिक्षण संपवून नेहमीच्या उड्डाणांवर सोडल्यानंतरचा असतो. त्याआधी ग्राउंड क्लास, सिम्युलेटर, प्रत्यक्ष विमानावरचे टेकऑफ-लँडिंग आणि मग ट्रेनिंग कॅप्टनसोबतची उड्डाणे, यात काही महिने जातात. तेवढ्या काळात स्टायपेंड किती, की काहीच नाही, हे लेखी घ्या.

दुसरी गोष्ट तासांची. पगाराचा एक भाग ठरलेला असतो आणि दुसरा उडालेल्या तासांवर मिळतो. कार्गोत एका रात्री एक-दोन सेक्टर (उड्डाणाचे टप्पे) होतात, म्हणून प्रवासी विमानांपेक्षा तास कमी भरू शकतात. किमान किती तासांचे पैसे हमखास मिळणार, हे विचारा. कमी तासांचा फटका खिशापुरता राहत नाही. एटीपीएलला १५०० तास लागतात, ते उशिरा भरले की कॅप्टनची खुर्चीही तेवढीच लांबते.

बाँड म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर भरायची रक्कम. ती दरवर्षी कमी होत जाते का, हेही पाहा. न होणारा बाँड मला अन्यायाचा वाटतो. आणि लक्षात असू द्या, डीजीसीएच्या (देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या) २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते. मेडिकल गेले तर कामी येणारा लायसन्सचा विमा कंपनी उतरवत नसेल, तर तुम्ही उतरवा.

प्रश्न: आमचे हे सहा महिन्यांपासून कार्गोवर आहेत. रात्री जातात, सकाळी येतात, दुपारी डोळा लागत नाही. सवय होईल म्हणतात. होते का? (ठाणे)

पूर्ण सवय कुणालाच होत नाही. पहाटे दोन ते सहा शरीर झोप मागतेच. मागते म्हणून लाज वाटण्याचेही कारण नाही.

कार्गोचे वेळापत्रक मालावर ठरते. संध्याकाळी पार्सले गोळा होतात, रात्री विमान भरते, पहाटे माल उतरतो, म्हणजे सकाळी तो दारात पोचतो. राखी आणि दिवाळीआधी हे सगळे दुपटीने अंगावर येते. अशा वेळी थकव्याकडे डोळेझाक झाली तर काय होते ते अमेरिकेत दिसले. १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे यूपीएसचे ए-३०० मालवाहू विमान अलाबामातल्या बर्मिंगहॅमला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि दोन्ही पायलट गेले. अस्थिर अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणे) तसाच पुढे नेला, उंचीवर लक्ष राहिले नाही, हे मुख्य कारण. पण को-पायलटचा थकवाही तपासात नोंदला गेला आणि मोकळ्या वेळात तिची पुरेशी झोप झालेली नव्हती, हेही त्यात आले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, जानेवारी २०१४ मध्ये, विश्रांतीचे नवे कडक नियम तिथे लागू झाले, ते मालवाहू कंपन्यांना वगळून. मला हे आजही पटत नाही. बॉक्स असो की माणसे, पायलटची झोप तीच.

डीजीसीएने २०२४ मध्ये काढलेल्या सुधारित नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली आणि रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली. तुमच्या ह्यांनी आपल्या कंपनीची मंजूर ड्यूटी-योजना स्वतः वाचावी. थकलेले असतील तर थकव्याचा रिपोर्ट भरावा, तो त्यांचा हक्क आहे.

घरात तुमच्या हातात बरेच आहे. जाड पडदे लावा, बेल बंद ठेवा, कुकर त्या खोलीपासून लांब असू द्या. बँकेची, शाळेची कामे त्यांच्यावर दुपारी टाकू नका. दिवसा झोपू नये म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना सांगा की ह्यांची रात्र आत्ता सुरू झाली आहे. ड्यूटीआधी संध्याकाळी दीड तास झोप मिळाली, तर पहाटे खूप फरक पडतो.

प्रश्न: कार्गोवरून पुढे प्रवासी विमानावर जाता येते का? (नाशिक)

येते, लायसन्स एकच आहे. फक्त विमान कोणते ते पाहा. ७३७ चे तास अकासा, एअर इंडिया एक्स्प्रेस, स्पाइसजेटला चालतात. ७५७ मात्र देशातली एकही प्रवासी कंपनी उडवत नाही, म्हणजे तिथून निघाल्यावर नवे रेटिंग आलेच.

प्रश्न: माल तर बोलत नाही. मग प्रशिक्षणात वेगळे काय शिकायचे?

बोलत नाही, म्हणूनच जास्त शिकावे लागते. प्रवासी विमानात धुराचा वास आला तर केबिन क्रू सांगतो. इथे मागे कुणीच नसते. मुख्य डेकवरच्या मोठ्या कप्प्यात सहसा आग विझवणारी यंत्रणाही नसते. हवेचा दाब काढून प्राणवायू कमी करायचा आणि जवळचा विमानतळ गाठायचा, हीच पद्धत. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मध्ये लिथियम बॅटरी असलेल्या मालाला आग लागली आणि दोघेही वाचले नाहीत. म्हणून धोकादायक मालाची यादी सही करण्याआधी वाचायची. एप्रिल २०१३ मध्ये बगराममध्ये लष्करी वाहने नीट बांधलेली नव्हती. टेकऑफला त्यांतले निदान एक मागे सरकले आणि ७४७ कोसळले, सात जण गेले. बांधणी दुसरा करतो, पण एखादी गोष्ट खटकली तर विमान थांबवायचा अधिकार कॅप्टनचा, आणि तोंड उघडायची जबाबदारी को-पायलटचीही.

प्रश्न: भाऊ अमेरिकेत इन्स्ट्रक्टर आहे, ९०० तास झालेत. फेडएक्ससाठी उडणाऱ्या लहान विमानांवर जाता येईल का? (न्यू जर्सी)

तो मार्ग खरा आहे. फेडएक्सचे सेसना कॅरॅव्हान कंत्राटी कंपन्या उडवतात. त्यावर इन्स्ट्रुमेंट नियमांखाली (बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडताना) कॅप्टन म्हणून जायला १२०० तास लागतात, मोठ्या कंपन्यांना १५०० आणि एटीपी, म्हणजे तिथला एटीपीएल. पण कंपन्या कायमस्वरूपी काम करण्याचा हक्क मागतात, तेव्हा त्याचा व्हिसा आधी पाहा. परतायचा विचार असेल, तर भारतीय लायसन्ससाठीचे एअर रेग्युलेशन्स (हवाई नियम) आणि कंपोझिट (नेव्हिगेशन आणि हवामान एकत्र) हे पेपर त्याने सुट्टीत इथे येऊन आत्ताच द्यावेत.