नाव तेलाचं, स्वभाव अर्काचा

प्रश्न : गुडघेदुखीसाठी गवती चहाचं तेल आणलं. रात्री खोबरेल चोळतो तसं चोळलं. दहा मिनिटांत आग सुरू झाली, सकाळी कातडी लालभडक. तेल भेसळीचं होतं का? (एक वाचक, सातारा)

उलट, ते अस्सल असण्याचीच शक्यता जास्त. घोटाळा ‘तेल’ या शब्दाने केला आहे. घाण्यावर काढलेल्या खोबरेल तेलालाही आपण तेल म्हणतो आणि अरोमाथेरपीतल्या, म्हणजे सुवासाच्या उपचारातल्या, या अर्कालाही. हा अर्क चिकट नसतो, हवेत उडून जातो आणि जबरदस्त तीव्र असतो. गवती चहाची शंभर किलो हिरवी पाती वाफेवर धरली की अर्ध्या किलोच्या आसपास अर्क निघतो. त्यात ७० ते ८० टक्के सिट्रल असतं. लिंबासारखा वास त्याचा, आणि तुमच्या गुडघ्याची आगही त्याचीच.

त्यामुळे हा अर्क नेहमी साध्या तेलात मिसळून लावायचा. १ मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब धरतात. म्हणजे ३० मिली (६ छोटे चमचे) तीळतेलात किंवा खोबरेलात ६ थेंब टाकले की १ टक्का मिश्रण झालं. चेहऱ्यासाठी अर्धा ते १ टक्का आणि अंगासाठी २ टक्क्यांपर्यंत पुरे. गवती चहाला मात्र ०.७ टक्क्याची मर्यादा पाळावी : ३० मिलीत ४ थेंब. लवंगेच्या तेलाचे ३ थेंब. दालचिनीच्या सालीचं तेल घरी कातडीला लावूच नये.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रणाचा एक थेंब लावून चोवीस तास वाट पाहावी. आग झालीच तर नळाखाली हात धरून उपयोग नाही, कारण अर्क पाण्यात विरघळत नाही. भरपूर खोबरेल लावून कापडाने पुसून घ्या, मग साबणाने धुवा.

आणखी एक गोष्ट. सांधेदुखीच्या तेलांत गंधपुरा म्हणजे विंटरग्रीन तेल बऱ्याचदा असतं. ते जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनचं भावंड. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते चोळू नका. लहान मुलाने चमचाभर प्यायलं तर जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला बादलीत लव्हेंडरचे दहा-बारा थेंब टाकले तर चालतील का? (एक वाचक, डोंबिवली)

नको. थेंब पाण्यावर तरंगत राहतात. पहिला तांब्या अंगावर घेतला की तो न मिसळलेला अर्क थेट कातडीवर येतो, आणि नाजूक जागी झोंबतो. दुधात मिसळून टाकण्याचा सल्लाही फिरत असतो, पण दुधातही तो नीट विरघळत नाही.

आपल्याकडे याची सोय आधीपासून आहे : अभ्यंग. ३० मिली कोमट तीळतेलात लव्हेंडरचे ६ थेंब घालून अंगाला चोळा, पंधरा मिनिटं थांबा, मग उटणं लावून आंघोळ करा. तेल कोमटच हवं. कढत तेलात थेंब टाकले तर अर्धा वास स्वयंपाकघरातच राहतो. उटण्यात वाळा, नागरमोथा, गवला कचोरा असतात आणि त्यांचा सुवासही अशाच उडणाऱ्या तेलांचा असतो. उटणं भरपूर असेल तर लव्हेंडरची गरज काय, असंही आम्हाला वाटतं.

प्रश्न : चेहऱ्यावरच्या काळ्या डागांवर लिंबाचं तेल लावावं का? (एक वाचक, सोलापूर)

अजिबात नाही. सालं दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. त्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे काळे चट्टे राहतात. म्हणजे डाग घालवायला जाऊन नवे डाग ओढवून घ्यायचे. बर्गमॉट या लिंबाच्या जातीतल्या फळाचं तेल याहून कडक. अंगावर कुठेही लागलं तर पुढचे बारा तास ती जागा उन्हापासून झाकून ठेवा. संत्र्याच्या तेलाला हा दोष नाही.

प्रश्न : ऑनलाइन दीडशे रुपयांत १० मिली ‘शुद्ध गुलाब तेल’ मिळालं. अस्सल कसं ओळखायचं? (एक वाचक, जळगाव)

ओळखायची गरजच नाही, किमतीनेच उत्तर दिलं आहे. एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. दीडशे रुपयांत मिळतो तो कारखान्यात बनवलेला वास. कपाटात ठेवायला तो वाईट नाही, पण अंगाला चोळायला नको.

तुम्ही जळगावचे, म्हणून सांगतो : गुलाबतेलातल्या भेसळीचा एक धागा खानदेशातून जातो. तिथे डोंगरउतारावर उगवणाऱ्या रोशा गवताचं तेल, म्हणजे रोशेल, काढून एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून बाहेर पाठवलं जाई आणि तिकडे तुर्की व्यापारात ते गुलाबतेलात मिसळलं जाई. मिसळून खपायचं कारण जिरॅनिऑल हे सुवासिक द्रव्य. रोशेलात ते भरपूर आणि गुलाबतेलातही ते असतंच, त्यामुळे नुसत्या नाकाला फरक पटकन कळत नाही. आज रोशेल स्वतःच्या नावाने विकलं जातं. गुलाबाच्या जवळ जाणारा वास माफक दरात हवा असेल तर तेच घ्या.

घरी करण्यासारख्या दोन परीक्षा आहेत. टीपकागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहा. तेलकट गोल डाग राहिला तर स्वस्त स्थिर, म्हणजे उडून न जाणारं, तेल मिसळलेलं आहे. वाळा आणि चंदन जड असतात, त्यांचा डाग काही दिवस राहतोच, त्यांना ही कसोटी लावू नका. दुसरी परीक्षा गुलाबतेलाची : बाटली फ्रिजमध्ये ठेवली की त्यात नैसर्गिक मेणाचे स्फटिक दिसतात आणि मुठीत धरली की विरघळतात. पण रासायनिक भेसळ या दोन्हींना चकवू शकते, ती प्रयोगशाळेतल्या गॅस क्रोमॅटोग्राफी या तपासणीतच पकडता येते. म्हणून बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणत्या भागापासून काढलं ते आणि बॅच क्रमांक पाहा, आणि त्या बॅचचा तपासणी अहवाल मागा.

प्रश्न : सात महिन्यांच्या नातवाला सर्दी आहे. उशीला निलगिरीचे थेंब आणि गळ्यात ओवा-कापराची पुरचुंडी चालेल ना? (एक वाचक, सांगली)

आजी, दोन्ही नकोत. निलगिरीतल्या सिनिओल या द्रव्याने तान्ह्या बाळांचा श्वास अडखळू शकतो. कापराने आकडी येऊ शकते, अगदी हुंगून किंवा कातडीतून शोषला गेला तरी. दोन वर्षांच्या आत कापूर बाळाच्या जवळपासही नको. गळ्यातली पुरचुंडी तोंडात जाते आणि तिच्या दोऱ्याचा फास बसायची भीती वेगळीच. नाक चोंदलं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले सलाइनचे थेंब पुरतात.

कुणी चुकून अर्क प्यायला तर उलटी करवू नका. उलटीबरोबर तो फुप्फुसात उतरतो. बाटली हातात घेऊन थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : डिफ्यूझर (वास पसरवणारं यंत्र) रात्रभर चालू ठेवतो, तरी थोड्या वेळाने वास येईनासा होतो. थेंब वाढवू का? घरात मांजर आहे. (एक वाचक, पुणे)

वास खोलीत असतोच, सरावलेलं असतं ते तुमचं नाक. थेंब वाढवत गेलात तर डोकं दुखेल. १०० मिली पाण्यात ३-४ थेंब टाका, अर्धा तास यंत्र चालवून बंद करा आणि खिडकी फटभर उघडी ठेवा. घरात कुणाला दमा असेल तर यंत्र नसलेलं बरं.

मांजरीच्या यकृताला ही द्रव्यं फोडून बाहेर टाकणं जमत नाही, आणि हवेतला फवारा अंगावर बसला की ती तो चाटते. टी ट्री (चहा नव्हे, एक ऑस्ट्रेलियन झाड) तेल तर मांजराच्या घरात आणूच नका. बाकी तेलांच्या वेळीही तिला खोलीबाहेर जायला दार उघडं हवं.

बोअरचं जड पाणी वापरत असाल तर यंत्राच्या तळच्या चकतीवर पांढरा थर बसतो आणि वाफ कमी होते. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती हलकेच पुसा. नखाने खरवडलीत की चकती गेली.

प्रश्न : पण याने खरंच काही बरं होतं का? (एक वाचक, नागपूर)

‘अरोमाथेरपी’ हा शब्द रूढ केला तो गॅटफॉसे या फ्रेंच रसायनज्ञाने. याच नावाचं त्याचं पुस्तक १९३७ साली आलं. त्यानंतर दावे फार झाले, पुरावे त्या मानाने थोडे. पुदिन्याचं तेल आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सुलमधून दिल्यास पोटातल्या मुरड्याला उतार पडतो. ५ टक्के टी ट्रीचं जेल मुरमांवर हळूहळू काम करतं. पण ही मोजून दिलेली औषधं झाली, वास घेणं नव्हे. लव्हेंडरच्या वासाने काहींची धाकधूक थोडी कमी होते. मालिश, शांत खोली आणि सुवास एकत्र आले की बरं वाटतंच. त्यात अर्काचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड. झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी मात्र यासाठी बंद करू नका.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वीची लिंबाच्या तेलाची बाटली अर्धी उरली आहे. वापरू का? (एक वाचक, पणजी)

अंगाला नको. हवेशी संयोग होऊन त्यातल्या लिमोनीन या द्रव्यापासून ॲलर्जी उठवणारी द्रव्यं तयार होतात, आणि अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत तेवढी हवा. लिंबू-संत्र्याची तेलं उघडल्यापासून वर्षाच्या आत संपवावीत, गडद काचेत आणि फ्रिजमध्ये ठेवावीत. वाळा आणि चंदन वर्षानुवर्षं टिकतात. तुमची बाटली टाकून मात्र देऊ नका : नव्या स्टीलच्या डब्यांवरचं स्टिकर निघालं तरी मागे राहणारा चिकट डिंक या तेलाच्या दोन थेंबांत सुटतो. गॅस पेटलेला नसताना लावा, आणि डबा मग साबणाने घासून घ्या.